मामांची चांदी

विषाणूंचं इतकं कौतुक असलेला माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. पिंपरी पेंढारचे माझे मामेसासरे शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण त्यांचा तास काही संपला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी शिंकलं, की वाढप्याला ताटकळत ठेवून ते सुरू होत, "पावणं, विषाणूला तोंड न्हाई, पोट न्हाई. भायेर पडून असला की निर्जीवच. पण पेशीत शिरला, की तिच्याच सामानातून स्वतःसारखे हजारो बनवून घेतो. पेशी राबून राबून मरते." जिलबी गार व्हायची. सर्दीवर कुणाला अँटिबायोटिक दिल्याचं कळलं, तर त्याला सोबत घेऊन ते डॉक्टरशी वाद घालायला जात. यांना लांबून पाहिलं की डॉक्टर मागच्या दारानं निघून जातात, असं मामीच सांगायच्या.

गुरांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा मात्र लोकांनी त्यांचं ऐकलं. गोठ्यात माशा-डासांसाठी धूर करा, नवं जनावर लांब बांधा, असं सांगत ते वाडीभर फिरले. लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांकडे शेवटी एकच डोस उरला. रांगेत पुढे मामांची गाय चांदी होती, मागे शेजारणीची कालवड. शेजारणीच्या घरी तेवढंच एक जनावर. मामांनी चांदीचं दावं धरून तिला बाजूला घेतलं. "त्यांची टोचा. आमची परवा बघू."

दुसऱ्याच दिवशी चांदीच्या मानेवर गाठी आल्या. आता लस टोचून उपयोग नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मळ्यातल्या छपरात तिला वेगळं बांधून ते स्वतःही तिथंच राहिले. जखमा धुवायचे, हातानं चारा भरवायचे. काहीच औषध नाही का, असं मामींनी विचारलं.

"ताप उतरवायचं हाय," ते म्हणाले. "विषाणूशी तिचं तिनंच लढायचं."

नवव्या दिवशी चांदी गेली. खोल खड्डा, चुना, मीठ, सगळं त्यांनी रीतसर केलं. पुढं कित्येक महिने त्यांच्या तोंडून विषाणू हा शब्द निघाला नाही. पंगती वेळेवर उठू लागल्या आणि लोकांना चुकल्यासारखं वाटू लागलं.

ती कालवड व्याली तेव्हा मी तिथं होतो. शेजारीण चिकाचं भांडं घेऊन आली आणि मान वर न करता म्हणाली, "भाऊ, पयला चीक तुमाला."

मामांनी भांडं क्षणभर हातात धरलं, मग तिला परत दिलं. "वासराला पाज आधी. रोगाशी लढायचं बळ त्याला यातनंच मिळतं."

ती डोळे पुसत वळली. मामा आता पुढं समजावून सांगतील म्हणून मी वाट पाहिली. ते उठले, चपला न घालताच तिच्या मागोमाग गोठ्यात गेले, वासरू उभं राहतंय का ते बघायला.