मधलं नाव

मराठी मंडळाच्या ब्रोशरमध्ये बाईचं नाव छापायची आपली एक पद्धत आहे, आणि ती आपण भारतातून जशीच्या तशी इकडे आणली. आधी तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये तीस-तीस वर्षं राहिलेल्या, लोकांच्या छात्या उघडून हार्टची ऑपरेशन्स करणाऱ्या बायकासुद्धा दिवाळीच्या ब्रोशरमध्ये नवऱ्याच्या नावासकट येतात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मी जन्मभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, नाटक हा रिटायरमेंटनंतरचा उद्योग. नावं-बिवं कमिटीने बघावीत, असं माझं मत होतं.

दोन वर्षांपूर्वी मी एक नाटक लिहिलं. निमित्त नातीच्या शाळेची ट्रिप. सोबतीला मोठी माणसं हवी होती, म्हणून तिच्याबरोबर नाझी काळावरच्या एका संग्रहालयात गेलो. गॅस चेंबर्स, छावण्या हे ऐकून माहीत होतं. पण नाझींनी नटांचं, गवयांचं, चित्रकारांचं काय केलं ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. रंगमंचावर उभं राहायचं तर सरकारी संस्थेचं सभासद असायला हवं. सभासद व्हायचं तर आपले आजी-आजोबा कोण ते लिहून द्या, आणि नवरा किंवा बायको कोण तेही लिहून द्या. जोडीदार ज्यू निघाला की काम बंद, नाहीतर वरून खास परवानगी आणा, नाहीतर सरळ घटस्फोट घ्या. आणि घटस्फोट घेतला की त्या ज्यू जोडीदाराच्या डोक्यावरचं उरलंसुरलं छप्परही जायचं, कारण लग्न टिकून आहे तोवर बहुतेकदा त्याला उचलून नेत नसत. डोक्यात तिडीक गेली माझ्या. नातीने विचारलं, "आजोबा, आर यू ओके?" मी नाही म्हणालो.

तीन महिन्यांत नाटक लिहून झालं. एक जर्मन नटी, तिचा ज्यू नवरा, आणि तिच्याकडे मागितलेला घटस्फोट. कमिटी खूश. "काका, जबरदस्त विषय आहे," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. तो पुण्याचा, चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला, बोलायला गोड.

नटीच्या भूमिकेला माझ्या डोळ्यांसमोर एकच मुलगी होती. मुलगी म्हणजे तीही चाळिशीची, पण मला काका म्हणते म्हणून मुलगी. आमच्या मंडळात अशी नटी झाली नाही. नुसती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली तरी हॉल गप्प व्हायचा. तिचा नवरा मुसलमान, रत्नागिरीकडचा. बारा वर्षं तो आमच्या प्रत्येक नाटकाचे दिवे सांभाळत होता. त्याचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा चोख. माझी संहिता वाचून म्हणाला, "काका, हे वाक्य पुस्तकी झालंय. माणूस चिडला की एवढं लांब बोलत नाही." मी वाक्य कापलं. या भूमिकेसाठी हिलाच का घेतलं, हे मला ठाऊक होतं. मी स्वतःवर फार खूश होतो, हेही सांगून टाकतो.

प्रयोगाला तीन आठवडे असताना अध्यक्षाचा फोन आला. ब्रोशर प्रिंटला जायचंय.

"काका, एक छोटी गोष्ट. तिचं नाव माहेरचं टाकू या का? म्हणजे नुसतं माहेरचं. मधलं नको."

"का?"

"तुम्हाला माहितीय का ते. आजकाल वातावरण वेगळं आहे, यार. ब्रोशर व्हॉट्सअ‍ॅपवर जातं, इंडियात जातं. लीड रोल आहे, पहिल्या पानावर नाव येणार. उगाच कोणीतरी काहीतरी बोलेल. आपल्याला काही प्रॉब्लेम नाहीये, काका. फक्त कागदावर."

मी काय म्हणायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळेल. आणि मी काय म्हणालो? "विचारून बघतो" म्हणालो. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ना, तसं. हॉल बुक झालेला, तिकिटं गेलेली, आणि ज्या नाटकासाठी मी तीन महिने झुरलो ते डोळ्यांसमोर. त्या वेळी मला माझं नाटक हवं होतं, बाकी काही नाही.

रविवारी दुपारी आमच्या बेसमेंटमध्ये तालीम संपली, बाकीची मंडळी गेली. ती पाणी पीत होती. तिचा नवरा खाली बसून वायर गुंडाळत होता. आणि मी, माझ्या अकलेचं दिवाळं निघालेलं, त्याच्यासमोरच तिला विचारलं. अध्यक्षाचेच शब्द वापरले. फक्त कागदावर, म्हणालो.

तिने पेला टेबलावर ठेवला. बोलला तो. वायर गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाला, "काढा काका. माझं नाव नसलं तर काय बिघडतं? तिचं काम राहू दे."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण वाटलं ते वाटलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मोठ्या मनाचा आहेस," असंही म्हणालो.

ती दोघं गेल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले.

"तुमच्या नाटकात तो ज्यू नवरा हेच म्हणतो ना?" ती म्हणाली. "मला सोड, तुझं काम राहू दे, असं?"

म्हणतो. दुसऱ्या अंकात म्हणतो. ते वाक्य लिहिताना मी रडलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षाला फोन केला. पूर्ण नाव छापा, नाहीतर नाटक नाही. तो म्हणाला, "काका, नाझी कुठे आणि आपण कुठे? किती ताणताय तुम्ही. हा आपल्या घरातला विषय आहे." मी आवाज चढवला. घरातला म्हणजे कोणाच्या घरातला, बारा वर्षं तो माणूस शिडीवर चढून तुमचे दिवे लावतोय तेव्हा तो कोणाच्या घरातला होता, असं बरंच काही बोललो. पहिल्या फोनवर बोलायचं ते सगळं आज बोललो. फोन ठेवून तसाच तिच्या घरी गेलो.

तिने आत बोलावलं, चहा केला. मी म्हणालो, पूर्ण नाव जाणार, मी बघतो कोण अडवतं ते.

"नको काका, मी नाही करत हे नाटक," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुम्ही त्यांना तेव्हाच नाही म्हणाला असतात ना, तर मी नाव न छापतासुद्धा काम केलं असतं. पण तुम्ही मला विचारायला आलात. तेही त्याच्यासमोर. घरी येताना तो गाडीत मला समजावत होता, की काका चांगले आहेत."

नाटक कॅन्सल केलं. मंडळाने 'अपरिहार्य कारणास्तव' असा मेल पाठवला आणि त्या जागी हिंदी गाण्यांचे डान्स बसवले. तीनशे माणसं जेवून गेली. नाटक का गेलं ते सगळ्यांना माहीत होतं, पण एकानेही विचारलं नाही. सगळे मूग गिळून बसले. संताप त्या अध्यक्षाचा येतो, त्या तीनशे जणांचाही येतो. पण त्यांनी नाझींवर नाटक लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

या एप्रिलमध्ये लायब्ररीच्या बोर्डवर गावातल्या अमेरिकन हौशी नाटक कंपनीचं पत्रक दिसलं. खाली नटांची नावं. एक नाव तीन शब्दांचं, पहिलं तिचं, मधलं त्याचं, मग आडनाव. तिने दिलं तसं त्यांनी छापलं होतं. त्यांच्यातल्या कोणाला ते नीट म्हणताही येत नसेल.

मी एकटाच गेलो. छोटा हॉल, जेमतेम साठ खुर्च्या. मी मागच्या रांगेत बसलो. तिची भूमिका शेजारणीची, चार-पाच प्रवेश, सगळं इंग्रजीत. तरी ती आली की लोक खुर्चीत पुढे सरकायचे. आपल्या भाषेतली एवढी मोठी नटी आपण आपल्या हाताने घालवली. त्या काळी जर्मनीतून पळून आलेले कितीतरी कलावंत याच देशात येऊन परक्या भाषेत असेच उभे राहिले होते. फरक इतकाच की हिला घालवायला हिटलर लागला नाही, मी पुरलो.

मध्यंतरात तिचा नवरा माझ्याकडे आला. हातात दोन कॉफी. एक मला दिली, तब्येत विचारली, काकू कशा आहेत विचारलं. मी म्हणालो, फार छान करतेय ती.

"हो," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "काका, तिने तुम्हाला स्टेजवरून बघितलं. विचारायला सांगितलंय, तुम्ही इथे आलात ते मंडळातल्या कोणी बघितलं तर तुम्हाला चालेल ना?"