धुरातलं वळण

काल कडा गावाहून निघालेली एसटी आमच्या गावचा घाट चढत होती, आणि खिडकीतून जळक्या गवताचा वास आत आला. माझा पदर आपोआप नाकाशी गेला.

खूप वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळात मी नवी नवरी होते. विहिरीला थेंब नव्हता. साखर कारखान्याचा टँकर येऊन विहिरीत पाणी सोडायचा आणि आम्ही बाया ते शेंदायचो. त्या दिवशी डोंगराला वणवा लागला. धूर असा उतरला की भर दुपारी रस्ता दिसेना. गावाखालच्या वळणावरून टँकरचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता, एकाच जागेवरून.

"त्याला दरी कुठं हाय ते दिसंना," सासूबाई म्हणाल्या. "हंडे घ्या गं. दरीच्या कडंला रांगंत उभ्या ऱ्हावा अन् बडवा." मग खाली तोंड करून ओरडल्या, "आवाजाच्या आतनं ये रं, बाबा!"

आम्ही खाली वळणापर्यंत दरीच्या कडेनं रांगेत उभ्या राहिलो. माहेरची कोरी पितळी घागर मी दगडानं बडवत होते. घशात राख, डोळ्यांत आग. इंजिनाची घरघर जवळ आली, पायाखालची माती थरथरली आणि भलंमोठं चाक माझ्या पायापासून हातभरावरून वर गेलं.

पाणी आलं. घागरीला पोचे पडले म्हणून मी मात्र सासूबाईंवर चांगलीच रुसले होते.

काल एसटी त्याच वळणावर आली. तिथं आता लोखंडी कठडा बसवलाय. तेव्हा तिथं सासूबाई उभ्या होत्या.