ग्रहण सातव्यात, हात दुसऱ्यात

मी जन्माची संशयी. दुकानदार "ताजं हाय" म्हणाला की मी आधी वास घेते. पण आमच्या घरातला सगळा संशय एकट्या आईच्या वाट्याला आला, आणि त्याचा मला अजून संताप येतो.

सत्तरचं दशक सरता सरता धाकटा भाऊ जन्मला, तेव्हा मी सातवीत होते. निपाणीजवळचं आमचं गाव, रानात सगळा तंबाखू. भावाच्या डाव्या हाताला पंजाच्या जागी नुसते तीन गोळे होते, भिजवलेल्या हरभऱ्याएवढे. आमच्यातच राहणाऱ्या विधवा आत्यानं बाळ बघितलं आणि आईला पहिला प्रश्न केला, "गिराणात काय चिरलंस?"

आईला सातवा असताना ग्रहण लागलं होतं. पण तेवढा वेळ ती चटईवर हात सरळ सोडून पडून होती. शेजारी मीच बसले होते. मी तसं ओरडून सांगितलं.

"तू गप गं, लई शाणी!" आत्या म्हणाली. विषय संपला.

त्या दिवसापासून आईला कुणाच्या ओटीभरणाचं बोलावणं नाही. समोरून गरोदर बाई आली की बिचारी स्वतःच वाट बदलायची.

पुढं मी बेळगावला कॉलेजात गेले. एकदा प्रॅक्टिकलला सरांनी उबवलेल्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून दाखवली. आत तांबड्या शिरांच्या जाळ्यात धडधडणारा जीव, आणि त्याच्या कडेला पंखाची कळी, मोहरीएवढीही नाही. सर म्हणाले, कळीच्या कडेच्या पेशी आतल्या पेशींना सांगत राहतात, वाढा, अजून वाढा. आतल्या त्यांना उलट सांगतात, तुम्ही बोलत राहा. नेमक्या त्या दिवसांत एखादं औषध किंवा विष आत पोचलं, तर हा निरोप तुटू शकतो आणि अवयव तिथंच थांबतो.

"आणि माणसात, सर?"

"चौथ्या आठवड्याच्या सुमाराला सुरुवात. दोन महिने भरेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात."

दोन महिने! अहो, ग्रहण तर सातव्यात लागलं होतं! माझे कान तापले.

गणपतीच्या सुट्टीला घरी आले ती पिशवी न ठेवताच चुलीपाशी गेले. "आई, गिराणाचा काय बी संबंध न्हाय! पोराचा हात दुसऱ्या महिन्यातच हुतो." वाटलं, आई रडेल, मला जवळ घेईल. ती ग्रहणाच्या महिन्यापासून बोटांच्या पेरांवर उलटे महिने मोजायला लागली. माघ, पौष, मार्गशीर्ष. मागं मागं जात भाद्रपदावर थांबली.

"तवा तंबाखूवर अळी पडलती," ती म्हणाली. "पावडर मीच कालवली. हातानं. काठीनं गुठळ्या फुटत न्हाईत."

ती पावडर मलाही आठवत होती. पोत्यातून सुटी, वर्तमानपत्राच्या पुडीत मिळायची. नाव विचारलं तर दुकानदार नुसतं "अळीची" म्हणायचा. तेव्हाच मला तो माणूस पटला नव्हता.

"तिच्यामुळंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत न्हाय," मी घाईघाईनं म्हटलं. आपलीच जीभ हासडावी असं वाटलं. तिला मोकळं करायला आले होते, आणि नवा दगड तिच्या गळ्यात बांधून बसले.

आईचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. "धाकटीला कितवा गं?"

धाकटी म्हणजे माझी चुलती. तिला दिवस गेल्यापासून आत्या आईला तिच्या वाऱ्यालाही उभं राहू देत नव्हती.

"दुसरा असंल," घरून आलेल्या पत्राच्या हिशोबानं मी म्हटलं.

"ती रानात गेलीया. फवारणीला."

भाकरी तव्यावर तशीच टाकून आई पळाली. मी मागोमाग. अंगणातून आत्या कडाडली, "तिच्याजवळ जाऊ नगंस, सांगून ठेवते!" आई थांबली नाही. आत्याचा शब्द मोडलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

बांधावर चुलती बादलीपुढं बसून कालवत होती.

"हात काढ!" आई लांबूनच ओरडली. "आधी हात काढ भाईर!"

चुलती दचकून उठली. आईला बघून दोन पावलं मागं सरली आणि तिनं पोटावर पदर घट्ट ओढून घेतला. पदर ओढणारा तो हात कोपरापर्यंत पावडरीनं पांढरा झाला होता.