दोराच्या टोकाचे नाथाभाऊ

आमच्या सिडकोतल्या गल्लीत नाथाभाऊ गायखे यांचं घर आमच्या घराला भिंत लावून आहे. त्यामुळे त्यांच्या वजनाची जितकी माहिती मला आहे तितकी त्यांच्या डॉक्टरांनासुद्धा नसेल. भिंत पातळ आणि त्यांच्या बायकोचा, सुवर्णाचा, आवाज मोठा. मी मुद्दाम ऐकत नाही. पण कान काय काढून ठेवायचे?

नाथाभाऊ मूळचे सायखेड्याचे. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पन्नाशी ओलांडलेली, आवाज हळू, आणि इतके भिडस्त की रिक्षावाल्याने भलत्याच चौकात सोडलं तरी ‘थँक्यू’ म्हणून चालत घरी येतील. आयुष्यात मान म्हणावा असा त्यांना एकच मिळाला. कामगारांच्या क्रीडा महोत्सवात रस्सीखेच असते, तिथे संघात सगळ्यात शेवटी, दोर अंगाभोवती घेऊन उभं राहण्याचा. वजन एकशे चार किलो. समोरचे आठ जण ओढून ओढून लालबुंद व्हायचे आणि आमचे नाथाभाऊ बसची वाट बघत असल्यासारखे उभे. अकरा वर्षं ती जागा त्यांची. एरवी स्टोअरच्या खिडकीवर त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. जानेवारीत मात्र सगळा कारखाना “नाथाभाऊ, नाथाभाऊ” करून घसा बसवायचा.

गेल्या मे महिन्यात आयोजकांनी नवा नियम काढला. आठ जणांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोच्या आत पाहिजे. संघाचा कप्तान मनोज, तो आमच्याच गल्लीत राहतो. त्याने बेरीज केली तर एकोणीस किलो जास्त. ते कुणाच्या अंगावर आहेत, हे शोधायला काटा लागला नाही. सात माना एकदम एकाच दिशेला वळल्या.

“नाथाभाऊ, पंच्याऐंशीवर या,” मनोज म्हणाला. “जानेवारीपर्यंत वेळ आहे. नाहीतर तुमच्या जागी दुसरा बघावा लागेल.”

“येतो ना,” नाथाभाऊ म्हणाले. जसं काही कोपऱ्यावरून दूध घेऊन यायचं होतं.

आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तसंच झालं. चहातली साखर गेली, रात्रीच्या दोन भाकरी गेल्या, संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या सुरू झाल्या, आणि पहिल्याच महिन्यात पाच किलो खाली. रोज सकाळी कुंपणाशी येऊन पट्ट्याचं नवं भोक दाखवायचे.

“वहिनी, बघा!”

“बघितलं हो. उरलेल्या पट्ट्यात अजून एक माणूस बसेल.”

गणपतीत ब्याण्णव. दिवाळीत एकोणनव्वद. तोवर माणूस रुबाबात आला होता. डाएटवर लोकांना सल्ले द्यायला लागला होता, मलासुद्धा! मी ऐकून घेतलं, कारण माझ्या हातात तेव्हा चकली होती.

डिसेंबर उजाडला आणि काटा साडेशहाऐंशीवर येऊन बसला, तो उठेचना. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. नाथाभाऊंनी काटा हॉलमधून स्वयंपाकघरात नेला, मग गच्चीवर. घड्याळ काढलं, करदोटा काढला, केस इतके बारीक कापले की कामावर सगळे दुखवटा समजून गप्प झाले. काट्याला फरक नाही.

“काटाच बिघडलाय!” भिंतीपलीकडून आवाज.

“मे महिन्यात बरा नाही बिघडला, भराभर उतरत होता तेव्हा?” ही सुवर्णा.

शेवटी त्यांच्या मुलीने, आरोहीने, समजावलं. ती फिजिओथेरपी शिकते. “पप्पा, सुरुवातीला गेलं त्यात पाणीच जास्त होतं. आणि तेव्हा तुम्ही एकशे चार किलो घेऊन जिना चढायचात. आता साडेशहाऐंशी घेऊन चढता. शरीराला कष्ट कमी, म्हणून खाणंही कमीच लागतं. त्या वेळी ज्या जेवणावर वजन उतरलं, त्याच जेवणावर आता ते जागच्या जागी राहतं.”

“म्हंजे अंगावरची गोणी उतरली म्हणून काम कमी झालं?”

“हो, तसंच.”

झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाथाभाऊ ट्रॅकवर हजर, पाठीवर आरोहीची जुनी दप्तराची बॅग, तिच्यात सायखेड्याहून आलेले सतरा किलो कांदे! उतरवलेली गोणी परत चढवली होती माणसाने. तिसऱ्या फेरीला बॅगेची शिवण उसवली आणि कांदे ट्रॅकभर पळाले. फिरायला आलेल्या दोन बायकांनी वाकून निवडायलाच सुरुवात केली.

“भाऊ, लाल आहेत का उन्हाळी?”

“विकायचे नाय ओ ताई! माझं वजन हाय ते!”

त्या बायका पुन्हा त्या वेळेला ट्रॅकवर आल्या नाहीत म्हणे.

मग आरोहीने त्यांना तोंडात जाईल ते सगळं लिहायला लावलं. तेव्हा कळलं, कारखान्यात चार जणांच्या डब्यातून ‘नुसती चव बघायला’ एकेक मूठ जात होती. शंभरावर होते तेव्हा एवढं खपून जायचं. आता काठाशी आल्यावर ती मूठच आडवी येत होती. मुठी बंद झाल्या. आठवड्यात शंभर ग्रॅम उतरले. त्यांनी पेढे वाटले नाहीत हेच नशीब.

पण खरा घाव सरावाला बसला. रविवारी मैदानावर नाथाभाऊ नेहमीसारखे टोकाला उभे राहिले, आणि समोरच्या पोरांनी त्यांना सहज ओढत नेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मनोज जवळ येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, तुम्ही सातव्या जागी या. तिथल्या समर्थला टोकाला लावू. तरणा आहे.”

म्हणजे बघा कशी गंमत. टोकाची जागा राखायला वजन उतरवलं, आणि वजन उतरलं म्हणून जागा चालली. त्या रात्री भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मला झोप लागली नाही हो.

स्पर्धेला तीन दिवस राहिले. संघ अजून जवळजवळ दीड किलो जास्त. सुवर्णा डोळे पुसत माझ्याकडे आली. “ताई, हे पाणी सोडतो म्हणतात. तीन दिवस. आरोही ओरडली, मैदानावर चक्कर येऊन पडाल म्हणाली. ऐकत नाहीत. माझ्यापायी संघ बाद व्हायला नको म्हणतात.”

“अगं, पण वजन आठ जणांचं मिळून धरतात ना? मग बाकीचे सात काय देवाघरचे पाहुणे आहेत? दीड किलो सातांत वाटलं तर पाव किलोसुद्धा वाट्याला येत नाही!”

हे नाथाभाऊ स्वतः कुणाला बोलले नसते. म्हणून मी मनोजच्या बायकोकडे, रोशनीकडे, गेले, आणि “कुणाला सांगू नकोस हं” असं बजावून सगळं सांगितलं. दिवे लागेपर्यंत साती घरांत बातमी पोचली. स्पर्धेच्या आदल्या रात्री सात घरांत पुरुषांच्या ताटात वाटीभर मुगाची खिचडी पडली. मनोजने दुसरी वाटी मागितली, तर रोशनी म्हणाली, “नाथाभाऊ आठ महिने उपाशी आहेत. तुम्हाला एक रात्र जमत नाही?”

सकाळी वजनं झाली. सहाशे एकोणचाळीस किलो सातशे ग्रॅम. नाथाभाऊ पोटभर पाणी पिऊन शहाऐंशी पॉइंट चार.

पहिल्या डावात टोकाला समर्थ. शिट्टी वाजली आणि आमचे आठही जण पतंगाच्या शेपटासारखे पलीकडे गेले. मनोजने मागे वळून पाहिलं. नाथाभाऊ पुढे आले, समर्थच्या हातातून दोर घेतला आणि स्वतःच्या अंगाभोवती घातला. समर्थ निमूट सातव्या जागी गेला.

दुसऱ्या डावात ते उभे राहिलेच नाहीत. टाचा मातीत रोवून जवळजवळ बसले. पूर्वी पोट आडवं यायचं, आता गुडघे छातीला टेकत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. पूर्वी एवढ्यात त्यांना धाप लागायची. समोरच्यांची पकड सुटली आणि मैदानात एकच गलका झाला, “नाथाभाऊ, नाथाभाऊ!” तिसरा डावही आमचा. पुढे अंतिम फेरीत हरले, ते सोडा.

मंडपात जिलबी वाटत होते. मनोज धुळीने माखलेला आला. “भाऊ, पुढच्या वर्षीही टोकाला तुम्हीच. फक्त वजन आहे तिथंच ठेवा.”

नाथाभाऊंचा हात तोंडाशी थांबला. “तिथंच म्हंजे? आता आनखी वर्षभर?”

“वर्षभर.”

त्यांनी जिलबीकडे पाहिलं, मग आरोहीकडे. “शहाऐंशीच्या माणसाला किती चालती?”

“अर्धी, पप्पा.”

नाथाभाऊंनी जिलबी मोडली, दोन्ही तुकडे नीट पारखले, आणि मोठी अर्धी खाल्ली.