कुसुमताईंनी फोनला ‘छान’ म्हटलं

कुसुमताई मंडईत दिसल्या की भाजीवाल्या मावशी मेथीच्या जुड्या पाठीमागे सरकवत. कारण कुसुमताई जुडी सोडून, आतलं पान न् पान बघून मगच घेत, आणि नाही पटली तर सोडलेली जुडी तशीच ठेवून पुढे जात. कुंभारवाड्यात माठ घेताना त्या टिचकी मारून कान लावत. लग्नाआधी बघण्याच्या कार्यक्रमात श्यामसुंदररावांना त्यांनीच चार प्रश्न जास्त विचारले होते, असं श्यामसुंदरराव अजून सांगतात. शेवटचा प्रश्न घोरण्याबद्दल होता. बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेली ही बाई कसबा पेठेत राहायला आल्यापासून आजूबाजूच्या दुकानदारांना माल दाखवण्याआधी पुसून घ्यायची सवय लागली.

असं असताना पुष्करने आणलेल्या फोनला मात्र त्या ‘छान’ म्हणाल्या.

पुष्कर त्यांचा एकुलता एक. त्याची पहिली कंपनी वर्ष भरायच्या आत बंद पडली आणि पोरगं दिवाळीत घरी बसलं. आता खराडीच्या एका ऑफिसात लागला होता, पण अजून पक्का झाला नव्हता. महिनाअखेरीस साहेब ठरवणार होते. कॅमेरा, गाणी, रेडिओ, व्हिडिओ असं सगळं एकातच असलेला नवा फोन तिथे तयार होत होता. वरचा भाग सरकवला की खालून बटणं निघत. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम पुष्करने लिहिलेला. बाजारात यायच्या आधी प्रत्येकाने एकेक फोन घरच्यांना आठवडाभर वापरायला द्यायचा होता.

“आई, नेहमीसारखी तपासणी कर,” असं म्हणून त्याने तो रुपेरी फोन हातात दिला तेव्हाच कुसुमताईंना ती दिवाळी आठवली. आपल्या जिभेने पोराची नोकरी गेली तर?

रविवारी पुष्कर विचारायला बसला.

“दिसायला कसा आहे?”

“छान.”

“बटणं?”

“छानच आहेत की.”

“फोटो?”

“तेही छान.”

“आई, तुला बरं वाटत नाहीये का?”

श्यामसुंदररावांनी वर्तमानपत्र खाली केलं. “एवढ्या वर्षांत मला एकदाही म्हणाली नाही. फोनला एका दमात तीनदा!”

पुष्करने हसत फोन सरकवला. पडद्यावर सूचना आली, जागा संपली. “आई, इतकं काय काढलंस?” त्याने उघडून पाहिलं, तर काळाकुट्ट व्हिडिओ. मग दुसराही तसाच. कडेचं कॅमेऱ्याचं बटण पर्समध्ये किल्ल्यांनी दाबलं जात होतं आणि फोन बिचारा पर्सच्या आतला अंधार टिपत बसला होता. आवाजासकट.

“साबणाची वडी परवडली, सरोजिनी,” फोनमधून कुसुमताई बोलू लागल्या. सरोजिनी म्हणजे वरच्या मजल्यावरची त्यांची मैत्रीण. “ती कोरडी असताना हातात तरी राहते. बटणं म्हणशील तर तांदळातले खडे! आणि कॅमेऱ्याचं भिंग नेमकं आपण धरतो तिथे. आठवडाभर माझ्या बोटाचेच फोटो काढतेय.”

“बंद कर ते!” खऱ्या कुसुमताई ओरडल्या. फोनमधल्या थांबेनात.

“उन्हात पडदा दिसत नाही. पदर धरून बघावं लागतं, लोकांना वाटतं बाई रडतेय. आवाज मात्र स्वच्छ आहे हं. पुष्करचा फोन आला की शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.”

“मग सांग की त्याला,” सरोजिनीताईंचा आवाज.

“वेडी आहेस का? नोकरी पक्की व्हायचीय त्याची. मी आपली छान छान म्हणणार.” मागोमाग तिसराच आवाज आला, “ताई, जुडी सोडू नका हो, बांधता बांधता जीव जातो माझा.”

पुष्कर हसायचा थांबला. “हे उद्या ऑफिसात ऐकवू?”

“ऐकव. आणि घरी ये कायमचा.”

“अगं, आमच्यातल्या सगळ्यांच्या आयांनी छानच म्हटलंय. एकीनेही एक खोट काढली नाही. साहेब वैतागलेत.”

“त्या शहाण्या आहेत. त्यांना पोरांची काळजी आहे.”

सोमवारी सकाळी तो फोन घेऊन गेला. कुसुमताईंनी दुपारपर्यंत दोनदा देवापुढे दिवा लावला. एकदा लावल्याचं आठवलं नाही म्हणून. संध्याकाळी मंडईत गेल्या, पहिल्या मावशींकडून पहिली जुडी घेतली आणि परतल्या. मावशी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघतच राहिल्या.

पुष्कर उशिरा आला. हात धुऊन पानावर बसला. कुसुमताईंनी वाढलं. त्याने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“मेथी कुणी आणली? नुसत्या काड्या आहेत. पिवळी पानंसुद्धा!”

“तुझ्या आईने,” श्यामसुंदरराव म्हणाले. “न सोडता.”

पुष्करने आईकडे पाहिलं. मग दुसरा घास घेतला, तिसराही.

“साहेबांनी ते सगळ्यांसमोर लावलं,” तो म्हणाला. “दोनदा. साबणाच्या वडीला तर टाळ्या पडल्या. मग मला म्हणाले, फोन मिटलेला असताना बटण चालतंच कसं? चूक तुझी, सुधारायचीही तूच.”

“म्हणजे काढलं?”

“काढलं तर सुधारणार कोण? पत्र महिनाअखेरीसच मिळेल, पण पुढच्या फोनवरही माझंच नाव घातलंय.” त्याने बॅगेतून एक खोका काढून ताटाशेजारी ठेवला. “हा तो. साहेबांनी तुझ्यासाठीच पाठवलाय. या वेळी तोंडावर बोलायचं म्हणे.”

कुसुमताईंनी हात पदराला पुसले, फोन काढला, दिव्याखाली धरला, उलटा केला, नखाने कड तपासली. त्यांचा चेहरा हळूहळू मंडईतल्यासारखा झाला.

“तू जेव आधी,” त्या म्हणाल्या. “मग सांगते. बरंच आहे.”