सावलीत लावलेला प्राजक्त

आईच्या पूजेला घरचं फूल लागायचं. डोंबिवलीत आमच्या बैठ्या घरापुढे ऊन भरपूर होतं, त्यामुळे कुठलं झाड लावावं याचा विचार आम्हाला कधी करावाच लागला नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ते घर बिल्डरला दिलं आणि ठाण्यात, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, तळमजल्यावर फ्लॅट घेतला. तळमजला आईच्या गुडघ्यांसाठी, असं मी सगळ्यांना सांगत असे. माझी कचेरीही ठाण्यातच होती, हे मात्र कोणी विचारल्याशिवाय सांगत नसे.

इमारतीच्या मागे, जंगलाच्या भिंतीला लागून, एक अरुंद पट्टा आमच्या वाट्याला आला होता. सकाळचं ऊन इमारत अडवायची, दुपारनंतरचं डोंगर. मधल्या वेळेला भिंतीपलीकडचे ऐन आणि करंज फांद्या पसरून उभेच. आईने डोंबिवलीहून जास्वंदीच्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. त्या जगल्या, उजेड शोधत वाकड्यातिकड्या वाढल्या, पण एक कळी धरली नाही. मोगऱ्याचं तेच झालं. आई परडी घेऊन मागे जायची आणि तुळशीची चार पानं घेऊन परत यायची. मी बाजारातून फुलं आणली, तर म्हणाली, "पाणी मारून मारून ठेवलेली असतात रे. देवाला शिळं काय वाहायचं?"

मग ती समोरच्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर आलेली तगर तोडू लागली. एकदा त्या घरच्या बाईंनी पाहिलं. "आजी, पुण्य तुम्हाला आणि उघडी झाडं आम्हाला, असं कसं चालेल?" आईने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती फुलाच्या जागी देवाला नुसत्या अक्षता वाहू लागली.

त्या अक्षता मला बघवेनात. रविवारी मी घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्या पालथ्या घालू लागलो. सावलीत काय फुलतं, एवढंच विचारायचो. सगळे आधी तगरच दाखवायचे. आईला सांगितलं तर म्हणाली, "तगर नको." का, ते मीही विचारलं नाही. अबोली सावली सोसते, पण तिचं नाव काढल्यावर आई म्हणाली, "ती डोक्यात माळायची. मला काय करायचीय आता?" ओलसर कोपऱ्यात सोनटक्का लावला. तो चांगला आला, पण पावसाळा सरता सरता चार दिवस फुलायचा आणि गप्प व्हायचा.

"अहो, त्यांनाच घेऊन जा ना एकदा नर्सरीत," बायको म्हणाली. "झाड त्यांच्यासाठी आणि पसंती तुमची, हे काय?"

मला आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. डोंगराच्या उतारावर, झाडांच्या कडेला प्राजक्त वाढलेले मी पाहिले होते. त्याला अर्धवट ऊन पुरतं. शिवाय आमच्या घरी जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नसे, अपवाद फक्त प्राजक्ताचा. एवढा विचार मी केला, आणि केल्याबद्दल स्वतःवर खूश झालो. भिंतीजवळ, जिथे त्यातल्या त्यात उजेड होता, तिथे रोप लावलं.

दोनेक वर्षांनी, भाद्रपदात, तो फुलला. पहाटे काळ्या, कुजक्या पानांवर पांढरी फुलं पसरलेली दिसली तसा मी आईला हाक मारली. ती परडी घेऊन आली. भिंतीला हात टेकून थोडी वाकली, थांबली, पुन्हा सरळ झाली. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इतकी झाडं मी पारखली, पण खाली वाकणार कोण, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

"छान आलाय," ती म्हणाली.

"थांब, मी वेचून देतो."

"आंघोळ झालीय का तुझी?"

झाली नव्हती. मी आंघोळ करून आलो तोवर ती भिंतीशी तशीच उभी होती. नंतर बायकोच्या सांगण्यावरून आम्ही रात्री झाडाखाली धुतलेली चादर अंथरू लागलो. सकाळी मी तिची टोकं उचलून फुलं परडीत ओतायचो, आणि आई दाराशी खुर्चीवर बसून त्यातला काडीकचरा, मुंग्या काढायची. परडी भरलेली असायची. मला वाटलं, जमलं.

असे काही दिवस गेल्यावर एका सकाळी तिने परडी माझ्याच हातात परत दिली. "फुलं तूच आणतोस, तर पूजाही तूच करत जा."

"अगं, तू कर की. मी आहेच मदतीला."

"तेच तर. मदत लागते आता."

मी फार आग्रह केला नाही. तिला विश्रांती मिळेल, असं स्वतःला समजावलं. खरं तर वाद घालायला मला कचेरीच्या घाईत वेळ नव्हता. त्या दिवसापासून पूजा माझ्याकडे आली. ती माझ्या पाठीमागे खुर्चीवर बसून बघत राहायची. गंध लावायचं विसरलो, निरांजन विझलं, तरी ती काही बोलायची नाही.