एमआर म्हणजे मराठी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या हातात उद्या जगाचा कारभार दिला, तर सूर्य कुठून उगवायचा हेही ते संगणकाच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करूनच ठरवतील. माउसला ते शिवत नाहीत. "टिचक्या मारत बसणं हे काय इंजिनियरचं काम आहे?" बेंगळुरात महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत कुणी नवा लॅपटॉप घेतला की हे वास्तुशांतीला आल्यासारखे येतात, काळी खिडकी उघडतात, मालकाचं नाव टाइप करतात आणि त्यापुढे भाषांचा क्रम लावतात: आधी मराठी, मग कन्नड, मग हिंदी, शेवटी इंग्रजी. ब्राउझर हा क्रम वेबसाइटला कळवतो आणि त्यातली जी भाषा आधी जमेल तिच्यात ती बोलते, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की माझ्या बायकोलाही पाठ झालंय. मराठीचा संकेत 'एमआर'. "मिस्टरही असंच लिहितात, मान आपोआप मिळतो," असं म्हणून स्वतःच आधी हसतात. तळमजल्यावरच्या कन्नड अक्कांनाही त्यांनी मराठीच पहिली लावून दिली. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," म्हणाले, म्हणजे जरा सांभाळून घ्या. अक्का कसलं अ‍ॅडजस्ट करतायत! कॉफी पाजली आणि समोर बसवून क्रम बदलून घेतला.

ऑफिसातल्या मशिन्सही यांच्याच ताब्यात. एकदा आज्ञेत स्वतःचं नाव घालायचं राहून गेलं आणि अख्ख्या मजल्याची पहिली भाषा मराठी झाली. लखनौकडच्या साहेबांनी हजेरीचं पान उघडलं, तर कोपऱ्यातल्या लॉग-आउटच्या बटणावर 'बाहेर पडा'. देवनागरी म्हणजे हिंदीच, असा त्यांचा समज. "कौन बाहर पड़ा है? देखो कोई!" म्हणत त्यांनी सिक्युरिटीला पार्किंगपर्यंत पिटाळलं. हे सांगताना आमचे शेजारी जराही ओशाळत नाहीत. "साहेबांनी मराठी वाचली तरी!"

पण हा सगळा आटापिटा कुणासाठी, ते मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक इथेच जन्मली, इथेच कॉलेजात जाते. घरात मराठी बोलणारी ती शेवटची ठरेल, ही त्यांची धास्ती. "निदान रोज डोळ्यांखालून तरी जाऊ दे तिच्या," म्हणायचे.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. लेक लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, कन्नड वर घे ना. मराठी वाचायला मला फार वेळ लागतो."

मला वाटलं, आता व्याख्यान होणार. पण त्यांनी खिडकी उघडली, तिचं नाव टाइप केलं, त्यापुढे कन्नड, मग मराठी. एंटरवर बोट ठेवून थांबले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी ते दाबलं.

जेवायला मला ठेवून घेतलं. पानावर बसल्यावर ते लेकीला एकदम म्हणाले, "नानु अन्न बेकु."

"नानु काय, बाबा! नानु म्हणजे मी. 'मला भात हवा' म्हणायचंय ना तुला? मग 'मला'ला म्हणायचं ननगे. हं, म्हण बघू."

ते पुन्हा चुकले. तिने पुन्हा समजावलं, मराठीतून, हातवारे करून, हसत. इतकी वर्षं बेंगळुरात काढलेला माणूस खरंच चुकत होता की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. भात मात्र जरा जास्तच वेळ कालवत बसलो.